कुंपणावरचं लॅब्रिश

अहो, ऐकलंत का? थांबा, आधी जरा इकडे सरका, जास्वंदीच्या या बाजूला. आमच्या सूनबाईंचे कान म्हणजे… जाऊ दे.

काल माझ्याकडे भिशी होती ना! तुमचा गुडघा दुखत होता म्हणे, म्हणून आला नाहीत. चुकलंच हो तुमचं. मी सरबत केलं होतं. लालभडक, अगदी माणकासारखं. प्रत्येकीने ग्लास उजेडाला धरून बघितला. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या ताई म्हणाल्या, "कोकम." दुसरी म्हणाली, "छे, बीट असणार." मी आपली नुसती हसत होते. मग मोठ्या काकूंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. आणि चक्क म्हणाल्या, "अजून आहे का गं?" तीन ग्लास! ज्या बाई माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला दर वेळी नाव ठेवतात, त्या! आणि तिसऱ्या ग्लासानंतर काकूंनी जे काही केलं ना… ते सांगते मागाहून.

अंबाडी हो! लाल अंबाडीची बोंडं. मंडईत दिसली आणि माझे पायच हलेनात. जमेकात याला सॉरल म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. ख्रिसमसला घरोघरी. बोंडांच्या पाकळ्या सोलायच्या, भरपूर आलं ठेचून घालायचं, दोन लवंगा, वरून कढत पाणी आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी गाळायचं, साखर घालायची, आणि मग… तेही मागाहून सांगते.

तर काय सांगत होते? हां, नेबा. नेबा म्हणजे आमची किंग्स्टनची शेजारीण. तिचं खरं नाव नाही सांगणार, तिला आवडायचं नाही. ती मला "नेबा" म्हणायची, म्हणजे नेबर हो, आणि मी तिला नेबा. ह्यांची तिकडे शिकवायची नोकरी, चौऱ्याऐंशी साली आम्ही गेलो. मध्ये क्रोटनचं कुंपण, अलीकडे मी, पलीकडे ती. पहिल्याच आठवड्यात तिने मला एक शब्द शिकवला, लॅब्रिश. म्हणजे आपण आत्ता करतोय ते! गप्पा, कुचाळक्या, सगळं त्यात आलं. आणि अगदी कानात कुजबुजून करायच्या त्याला सू-सू. आता सांगा, ज्या भाषेत कुजबुजीला वेगळा शब्द आहे ती भाषा परकी कशी वाटेल? मिस लूंच्या एका पुस्तकाचं नावच 'जमेका लॅब्रिश' आहे, १९६६चं. मिस लू म्हणजे लुईस बेनेट हो. त्यांनी बाजारातल्या बायकांची बोली, ती पात्वा, उचलून थेट कवितेत आणि रंगभूमीवर नेली. टीव्हीवर मुलांचा 'रिंग डिंग'ही त्यांचाच. नेबाच्या मुलींना अजून पाठ होता.

आणि तिचा तो आवाज! दातांतून हवा ओढून 'च्यूऽऽप' करायची. तिकडे त्याला किस टीथ म्हणतात. भाजीवालीने भाव जास्त सांगितला, च्यूप. नवरा उशिरा आला, लांब च्यूप. मंत्र्याचं भाषण लागलं की इतका लांब, की भाषण आधी संपायचं. मला सात वर्षांत एकदाही नीट जमला नाही. हे म्हणायचे, "तुझा घसा धरलाय का?"

तर ब्लू ड्रॉअर्सची गोष्ट सांगितली का मी तुम्हाला? अगं बाई, नाही? मग ऐकाच.

आम्ही नवे नवे. रविवारची सकाळ, हे व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. पलीकडून नेबाने हाक मारली, "नेबा! यू वाँट सम ब्लू ड्रॉअर्स?" आता ड्रॉअर्स म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. निळी चड्डी! भर सकाळी, यजमानांसमोर! मी म्हटलं असेल इथली पद्धत, आपण सभ्यपणे नाही म्हणावं. म्हटलं, "थँक यू, आय हॅव मेनी." ह्यांचा पेपर हळूहळू वर गेला, पार डोक्याच्या वर. नेबाचं तोंड आधी उघडंच राहिलं. मग ती कुंपण धरून जी खाली बसली हसत हसत, ती उठेचना. तिचा नवरा धावत आला, त्याला वाटलं हिला काही झालं.

मग ती एक ताटली घेऊन आली. केळीच्या पानात गुंडाळलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या पुड्या, उकडलेल्या. त्यालाच टाय-अ-लीफ म्हणतात, डकुनू म्हणतात. डकुनू हे मूळ आफ्रिकेतलं नाव. एक पुडी सोडली, वाफ आली… आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पातोळे हो! मक्याचं पीठ, नारळाचं दूध, साखर, जायफळ. तांदळाऐवजी मका आणि हळदीच्या पानाऐवजी केळीचं पान, एवढाच काय तो फरक. देवगडला आई नागपंचमीला करायची. दुसऱ्या दिवशी मी सूड म्हणून खोबऱ्याच्या वड्या दिल्या, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या गुलाबी. ती म्हणाली, "ओ, ग्रेटर केक!" म्हणजे तेही त्यांच्याकडे होतंच! खाली पांढरा, वर गुलाबी थर. मी म्हटलं, हा आमचा पदार्थ आहे. ती म्हणाली… च्यूप.

आणि हे तिथे रोजचंच. कॉरोनेशन मार्केटला गेलं की मी पिशवी घेऊन नुसती बघत उभी. कॅललू म्हणतात ती पालेभाजी, बघते तर आपला माठ. नेझबेरी म्हणजे चिकू. गंगो पीज म्हणजे तूर! ओली तूर सोलून नारळाच्या दुधात भातात घालतात, ख्रिसमसला तर हवाच. एरवीच्या रविवारी राजमा घालतात आणि त्याला म्हणतात राइस अँड पीज. राजम्याला पीज! मी एकदा म्हटलं, हे काही पीज नव्हेत. हिगलर, म्हणजे ती बाजारात विकणारी बाई, तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "हिला मोजू नकोस, हिला शिकव."

बरं, आंबा. आंब्यावरून मात्र आमचं खरंखुरं भांडण झालं होतं. तिकडे सगळ्यात मानाचा आंबा कोणता? बॉम्बे मँगो! हापूस नव्हे हो. मधोमध गोल चीर द्यायची आणि दोन्ही अर्ध्या भागांना उलटसुलट पीळ द्यायचा, कोय सुटून येते, दोन वाट्या तयार. चमच्याने खायचा. मी देवगडची, मला ते बघवेना. म्हटलं, "हे नाव लावायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?" नेबा शांतपणे म्हणाली, "आणि नंबर इलेव्हनचा हक्क?" त्यांच्याकडे एका आंब्याचं नावच नंबर अकरा आहे. १७८२ साली इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर रोपं होती, रोपांना आकडे होते. जमेकात आंबा आला तो असा, चोरीच्या मालातून. बाकीच्यांना नावं मिळाली, अकरा नंबर तसाच राहिला, वर्गात हजेरीपटावर राहतो तसा. मी गप्प बसले. पण मे महिन्यात ती टोपलीभर बॉम्बे देऊन गेली तेव्हा मी… खाल्ले हो. देवगडला सांगू नका.

अहो, आणि मोठ्या घरांतलं ऐका. डेव्हन हाउस माहीत आहे ना, किंग्स्टनमधलं, हल्ली जिथे आइस्क्रीम खायला रांगा लागतात? ते १८८१ साली जॉर्ज स्टीबेलने बांधलं. जमेकातला पहिला कृष्णवर्णीय मिलियनेअर, व्हेनेझुएलात सोन्याच्या खाणीत कमावलेलं. गव्हर्नरच्या बायकोला म्हणे ते बघवेना. लेडी मस्ग्रेव्ह. एका काळ्या माणसाचा एवढा वाडा आणि आपली बग्गी रोज त्याच्यासमोरून जाणार? म्हणून बाईंनी नवा रस्ता काढायला लावला, वळसा घालून. आजही तो लेडी मस्ग्रेव्ह रोडच आहे. खरं-खोटं त्या बाईच जाणोत. पण नेबा हे असं सांगायची की जणू परवाच घडलंय आणि तिने स्वतः खिडकीतून पाहिलंय. "तोंड असं झालं होतं तिचं," म्हणायची आणि करून दाखवायची. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईचं तोंड!

भिशीवरून आठवलं, तिकडेही भिशी असते. पार्डनर म्हणतात. दर आठवड्याला आपला 'हँड' टाकायचा, पाळी आली की 'ड्रॉ' घ्यायचा, एक बाई बँकर. कागद नाही, सही नाही. आमच्या पार्डनरमधल्या एकीने पहिलाच ड्रॉ घेतला आणि नंतर तब्येतीची तक्रार सुरू केली. हँड टाकायला काही येईना. आणि त्याच रविवारी चर्चमध्ये कोणाच्या डोक्यावर नवी जांभळी हॅट? पिसासकट! नेबा प्रार्थना म्हणता म्हणता वळून बघत होती. बाहेर आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "छान दिसतेय, माझी हॅट." पुढच्या शुक्रवारी पैसे आले.

हे आणि नेबाचे यजमान, त्यांचं क्रिकेट. १९७१ निघालं की आमचे हे छाती काढून बसायचे. सबायना पार्क, ५ बाद ७५ अशी अवस्था आणि मग आपला सरदेसाई, मडगावचा, २१२! बरोबर सोलकर. वाडेकरने सोबर्सला फॉलोऑन दिला. तो माणूसही कबूल करायचा, "सरदीमॅन!" म्हणून सलाम करायचा. आणि मग हळूच ग्लास खाली ठेवून म्हणायचा, "अँड सेव्हंटी-सिक्स?" झालं. त्याच मैदानावर दुसऱ्या डावात आपले पाच जण जखमी, फलंदाजीलाच आले नाहीत, ९७ वर डाव संपला. ह्यांचा चेहरा असा पडायचा, की मी भजी आणून ठेवायचे मध्ये.

तर नाइन नाइटचं सांगत होते… सांगत नव्हते का? मग आता सांगते. नेबाची आत्या वारली. मी पांढरी साडी नेसले, डोळ्याला पदर लावला, मुलांना घरी ठेवलं आणि गेले. बघते तर अंगणात दिवे, गाणी, तळलेले मासे, पुरुष डॉमिनोज खेळतायत आणि सोंगटी अशी आपटतायत की टेबल हलतंय. पांढऱ्या रमची बाटली फिरतेय. नेबा माझ्याकडे बघून घाबरलीच, "नेबा, तू आजारी आहेस का?" नऊ रात्री असं चालतं. नवव्या रात्री गेलेल्या माणसासाठी जेवणाचं टेबल मांडतात, मध्यरात्रीपर्यंत कोणी हात लावत नाही. आणि मग खोलीतलं सामान हलवतात. पलंग इकडचा तिकडे, कपाट तिसरीकडे. का? तर त्या माणसाचा डपी, म्हणजे भूत हो, परत आला तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये.

मी म्हटलं, आमच्याकडेही दहाव्याला वाढतात, आणि क्रो येऊन शिवला की सुटलो. तिचे डोळे एवढे मोठे. "क्रो? येऊन जेवतो?" म्हटलं, "हो, आला नाही तर सगळे हात जोडून बसतात, ये बाबा म्हणून." तिने माझा हात सोडला. तिथल्या चार बायकांना बोलावून सांगितलं. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या… मला कळेना. आठवड्याने कळलं. त्यांच्याकडे जॉन क्रो म्हणजे गिधाड! त्या बायकांना वाटलं, आम्ही हात जोडून गिधाडाला जेवायला बोलावतो.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. ह्यांनाही पूर्ण नाही. क्लॅरेंडनला गेलो होतो आम्ही, तिकडे जुनी भारतीय वस्ती. रस्त्याकडेला एक म्हातारी आंबे विकत बसलेली. चेहरा थेट आपल्यातला, डोक्याला लाल चौकड्याचा रुमाल. तो बॅंडाना हो, जमेकाच्या पोशाखाचं कापड, मूळचं आपलं मद्रासचं. मी हिंदीत बोलले, तिला येईना. चार शब्द होते तिच्याकडे, रोटी, भाजी, आजी… आजी! तिची आजी कलकत्त्याहून आलेली, उसाच्या मळ्यात. १८४५ साली १० मे रोजी पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. तिथपासून १९१७पर्यंत छत्तीस हजारांवर माणसं आली. बरीचशी परत गेलीच नाहीत. ताजिया करतात, हुसे म्हणतात त्याला. बांबू, रंगीत कागद, शेवटी पाण्यात सोडायचा, हिंदू काय नि मुसलमान काय, सगळे मिळून. सगळं सांगत होती. आणि मग तिने विचारलं, "तुझी माणसं कोणत्या जहाजातून आली?"

मी हसले हो. हसून म्हटलं, "जहाज कसलं, आम्ही विमानाने आलो. माझे मिस्टर कॉलेजात शिकवतात."

तिचा चेहरा पडला नाही. तसा पडला असता तर बरं झालं असतं. तिने मान हलवली, आंबे मोजले, एक जास्तीचा घातला आणि म्हणाली, "तुम्हालाही कुलीच म्हणतात का गं मागून, की विमानाने आलेल्यांना वेगळा शब्द आहे?" खोचकपणे नाही, खरंच विचारत होती. गाडीत मी गप्प. हे म्हणाले, "आंबे आंबट आहेत का?"

नेबाला मात्र सांगितलं. तिने च्यूप नाही केलं. म्हणाली, "पुढच्या वेळी जा आणि तिला तुझ्या आजीचं नाव सांग." गेले मी. दोनदा गेले. आता तिकडे १० मे हा इंडियन हेरिटेज डे असतो, १९९५पासून.

बरं, गिल्बर्ट. चक्रीवादळ हो, अठ्ठ्याऐंशीचं, १२ सप्टेंबर, सोमवार. गणपती दोनच दिवसांवर! मी उकडीची पिठी पुण्याहून आणलेली जपून ठेवली होती. सकाळपासून वारा, मग काय ते घोंघावणं. पत्रे पानासारखे उडत होते. मध्येच एकदम शांत, ऊनसुद्धा पडलं. मी दार उघडायला निघाले तर पलीकडून नेबा किंचाळली, "आत! डोळा आहे तो, दुसरी बाजू यायचीय!" आणि आलीच. तिच्या अर्ध्या घराचं छप्पर आमच्या अंगणात, आमचं क्रोटनचं कुंपण कोणाच्या अंगणात कोण जाणे. कुंपणच राहिलं नाही मध्ये! बँकेतले एक साहेब होते ना, ज्यांच्या गच्चीवर ती मोठी डिश अँटेना होती, ज्यांनी कधी कोणाला टीव्ही बघायला बोलावलं नाही? त्यांची डिश आमच्या गटारात. लव्हिंडियरने पुढे त्या वादळावर गाणं केलं, 'वाइल्ड गिल्बर्ट', त्यात डिशवाल्यांची अशी फिरकी घेतलीय. ते गाणं लागलं की साहेब खिडकी लावून घ्यायचे.

वीज गेली ती गेलीच. फ्रिजमधलं वितळायला लागलं, मग गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं आणून नेबाच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर रांधलं. कोणाचं मटण, कोणाचे मासे, कुठलं काय, कळत नव्हतं. आणि नारळ! सगळीकडे नारळच नारळ, फुकट. केळीची बाग आडवी झालेली, पानं हवी तेवढी. बुधवारी मी माझा पितळेचा गणपती खोक्यावर बसवला, मेणबत्ती लावली, आणि शेगडीवर एकवीस मोदक. गूळ संपलेला, तिकडची ओलसर काळी साखर घातली.

आणि नेबा आली. छप्पर नाही डोक्यावर, पण चर्चची हॅट घालून आली. हातात ताटली, वर पान. "तुझ्या देवाचा वाढदिवस आहे ना," म्हणाली. ब्लू ड्रॉअर्स! ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, नैवेद्याला हे? नाव तरी काय सांगायचं त्याला?" मी म्हटलं, "पातोळे म्हणा आणि पाणी फिरवा." फिरवलं हो त्यांनी. नेबा आरतीला टाळ्या वाजवत उभी, आमच्यापेक्षा तालात. मग हळूच माझ्या कानाशी आली, "नेबा, माझ्या पास्टरला कळता कामा नये." मी म्हटलं, "तू माझ्या सासूबाईंना पत्र पाठवू नकोस." पास्टर गेले. सासूबाई गेल्या. म्हणून तुम्हाला सांगितलं.

परवा फोन आला होता तिचा. ऐंशी उलटली, आवाज तसाच. म्हणाली, सॉरल केलंस का? म्हटलं, करतेय. म्हणाली, आणि ते घातलंस का? तेच विसरले होते मी बाई! मग फोन ठेवून…

अगं बाई, सूनबाई आल्या वाटतं. ही घ्या बाटली, पटकन, पदराखाली धरा. काकू? काकूंनी काल तिसऱ्या ग्लासानंतर 'लाजून हासणे' म्हटलं हो, अख्खं, आणि वर म्हणाल्या, "अंबाडी इतकी तरतरी आणते हे कोणी सांगितलंच नव्हतं." तुम्ही मात्र एकच ग्लास घ्या. आणि गुडघ्यालाही चोळलीत तरी चालेल, नेबा चोळायचीच.